पडवीतली रापण

भाट्ये गावच्या दिशा नावाच्या मुलीने घराच्या पडवीत सहा जुने संगणक मांडले, तेव्हा शेजारची सखू म्हणाली, "दुकान घातलंस काय गो?" दुकान कसलं! भंगारातली खोकी ती. कुणाला झाकण नाही, कुणाचा पंखा घरघरतोय. पण गावोगावच्या शाळांत पडून असलेल्या जुन्या संगणकांवर चालेल अशी लिनक्स ही हलकी संगणकप्रणाली दिशाला बनवायची होती. त्यासाठी एकेक प्रोग्राम कम्पाइल करायचा, म्हणजे माणसाने लिहिलेलं यंत्राला उमजेल असं करून घ्यायचं. तिच्या एकट्या लॅपटॉपला नुसत्या ब्राउझरसाठी अख्खा दिवस लागे. सहा जणांना वायरींनी जोडून काम वाटून दिलं की झालं, असं तिला वाटलं.

तिच्या जिवाला खरा घोर मात्र वडिलांचा होता. गुणाजी चाळीस वर्षं रापणीला होता. समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं साऱ्या वाडीने मिळून किनाऱ्यावर ओढायचं आणि मिळेल ती मासळी सारखी वाटून घ्यायची, ही रापण. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाने त्याचा उजवा हात लुळा पडला आणि तो किनाऱ्याकडे फिरकेनासा झाला. वाडी रीतीप्रमाणे त्याचा वाटा घरी पाठवी, तर म्हणे, "फुकटचा नको." माणूस डोळ्यांदेखत खंगत चालला होता आणि दिशाला काही करता येत नव्हतं.

काम सुरू केलं आणि घोडं अडलं. सहा यंत्रं जुंपून वेळ लॅपटॉपइतकाच! दुपारपर्यंत डोकं खाजवल्यावर घोटाळा कळला. रापणीच्या घरची लेक ती, वाटायचं ते सारखंच. तिने सहाही जणांना एका वेळी चार-चार कामं दिली होती. सर्वांत जुन्या यंत्राला ती झेपेनात, आणि बाकीची पाच त्याची वाट बघत बसलेली. चिडून तिने त्याच्या वायरीला हात घातला.

"काय झाला गो?" खाटेवरून गुणाजीने विचारलं.

"ह्याच्यामुळे सगळे अडलेत, बाबा. सगळ्यांना सारखंच काम दिलंय मी. ह्यालाच झेपत नाय. काढून टाकते."

गुणाजी खवळलाच. "सारखा दिलास? अक्कल गहाण ठेवलीस काय? सारखा असतो तो वाटा! दोरावर कोन सारखा ओढतो? तरणा ओढतो, म्हातारा मागे दोर गुंडाळतो. म्हनून काय म्हाताऱ्याला घरी धाडतात?"

बोलून गेला आणि त्याची नजर आपल्याच लुळ्या हातावर गेली.

"मग बाबा, तू..." दिशा एवढंच म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून निजला.

तिने त्या जुन्या यंत्राला एका वेळी एकच काम दिलं. दिवेलागणीला ब्राउझर तयार झाला. तिने सांगितलं, तर बाबाने नुसतं "हं" केलं.

सकाळी उठून बघते तर खाट रिकामी. तशीच अनवाणी ती किनाऱ्याकडे धावली.

रापण ओढायला सुरुवात झाली होती. रांगेच्या पार शेवटी गुणाजी डाव्या हाताने दोराची वेटोळी घालत होता आणि दोर वाकडा ओढतोस म्हणून पुढच्या तरण्या रघूला शिव्या हासडत होता. रघू हसत ऐकून घेत होता. दिशाला रडू आवरेना. डोळे पुसत ती दोघांच्या मधे शिरली आणि दोराला लागली.

"पाय रोव नीट," बाबा मागून म्हणाला, "आनि झेपेल तेवढाच ओढ."