दीडशेपैकी एकशे बेचाळीस

मंडळी, आज लातुरात माझी मलाच लाज वाटली.

प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचं की स्क्रम मास्टर, ते ऑफिसला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मॅनेजर झालं की मुदत चुकल्यावर सगळ्यांच्या शिव्या आपल्याला. स्क्रम मास्टरनं टीमच्या अडचणी सोडवायच्या, हुकूम कुणावर चालत न्हाई. मला हेच काम आवडतं.

लातूरजवळच्या मुरुडला घरी आलोच होतो, म्हणून सकाळी लातुरात जुन्या क्लासच्या सरांकडं सल्ल्याला गेलो. भूकंपानंतर ते पत्र्याच्या खोलीत शिकवायचे. आता तीन मजले हायत आणि भिंतभर टॉपरांचे फोटो.

सरांनी दोन्ही कामं समजून घेतली आणि विचारलं, "दहावीला गणितात किती होते रे तुला?"

माझं वय अडतीस. तरी तोंडातून पटकन निघालं, "दीडशेपैकी एकशे बेचाळीस, सर."

"मग मॅनेजरच हो की. दुसऱ्याच्या अडचणी सोडवत फिरायचं काम कमी मार्कवाल्याचं हाय."

राग यायला पाहिजे होता. मी मात्र लई खूश झालो. जिना उतरता उतरता ऑफिसला कळवूनही टाकलं, मॅनेजर.

आता घरी बसून विचार करायलोय. तुला काय आवडतं, हे सरांनी दहावीनंतरही विचारलं नव्हतं. पण आज मी तरी कुठं सांगितलं?

तुम्हाला अजून तुमचे मार्क पाठ हायत का?