एका लिटरचं वजन

घाण्यावर शेंगदाणा तेल घ्यायला गेलो, तेव्हा माझ्यापुढे सुलभाताई उभ्या होत्या. वीस वर्षं त्या इथूनच तेल नेतात. त्या दिवशी त्यांनी लिटरचं माप भरायला लावलं आणि ते काट्यावर ठेवायला सांगितलं. मापाचं वजन वजा जाऊन आकडा आला नऊशे दहा ग्रॅम.

"उरलेलं नव्वद ग्रॅम कुठे गेलं, अण्णा?"

"कुठेही नाही, ताई. तेल हलकं असतं. लिटरला एवढंच भरतं."

"म्हणजे वीस वर्षं हलकंच देताय म्हणा की!"

घाणेवाल्या अण्णांनी तसंच दुसरं माप पाण्याने भरून काट्यावर ठेवलं. बरोबर हजार. आता मिटलं, अशा समाधानाने ते हसले. ताईंनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग तेलाकडे.

"म्हणजे पाणी घातलं की वजन वाढतं."

"तेलात पाणी मिसळत नाही, ताई."

"नाही मिसळत. तळाशी बसतं."

अण्णांचं हसू मावळलं. माप आकारमान सांगतं, काटा वजन सांगतो, आणि दोघंही खरं बोलतात. संशयाला मात्र दिलेला प्रत्येक पुरावा पुढच्या प्रश्नासाठी उपयोगी पडतो.

ताई रिकामा डबा घेऊन निघून गेल्या. ते मापातलं तेल अण्णांनी माझ्या बाटलीत ओतलं.

घरी आल्यावर बाटली खिडकीत ठेवली. तेल तळापर्यंत नितळ होतं. तासाभराने पुन्हा जाऊन पाहिलं.