मध्यरेषेवरचा खड्डा

गोमतीबाई गेल्याचं मला एका नेत्याच्या फोटोवरून कळलं. वणीत आमच्या कामगार संघटनेला कोळशाच्या ट्रकचालकांच्या सभेचं पत्रक छापायचं होतं. छापखान्यात बसून मी प्रूफ तपासत होते, तेवढ्यात तांड्यातल्या कुणीतरी मोबाइलवर एक चित्र पाठवलं. फुलांची चौकट, जोडलेले हात, अर्ध्याहून जास्त जागेत तालुक्याच्या नेत्याचा हसरा चेहरा, आणि खाली कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी गोमतीबाई. मजकूर होता, 'थोर धावपटू गोमतीताई राठोड यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. धावपटू! जी बाई उभा जन्म कबड्डी खेळली, राज्याच्या संघातून चढाया करून आली आणि नंतर आमच्यासारख्या पोरींना खेळवत राहिली, तिला यांनी मेल्यावर पळायला लावलं. तिचा खेळ कोणता हे विचारायला तांड्यात एक फोन पुरला असता, पण तेवढीही तसदी कुणी घेतली नाही. मला रडू आलं ते खूप नंतर. आधी आला तो राग, आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही... म्हणून हे लिहिते आहे.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या बाजूला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून मुलूख पालथा घालायचे. आता आम्ही कापूस आणि तूर पेरतो. गोमतीबाई या तांड्याची सून. लग्नाआधी तिने नाव काढलं होतं, वर्तमानपत्रात फोटो आला होता, पण सासरी ते कुणी बोलायचं नाही. सुनेनं पदर पुढे ओढून पाणी भरावं, एवढाच तिचा खेळ. तिने काही वर्षं पाणी भरलं. मग एका श्रावणात तिला वाट सापडली.

श्रावणात आमच्याकडे तीज असते. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज विहिरीचं पाणी आणून घालतात, गाणी म्हणतात आणि अंकुर वीतभर झाले की टोपल्या वाजतगाजत विसर्जनाला नेतात. ते दिवस पोरींचे. कुठे चाललीस, कुणासोबत, इतका उशीर का, हे त्या दिवसांत कुणी विचारत नाही. गाणी शिकवायला म्हणून गोमतीबाई पोरींबरोबर विहिरीवर जाऊ लागली. पाणी घालून झालं की ती बाजूच्या मोकळ्या जागेत टाचेनं रेघा ओढायची, घागऱ्याचा काचा मारायची आणि पोरींना समोर उभं करायची. तीज संपली, टोपल्या गेल्या, पण पोरी रोज संध्याकाळी विहिरीकडे जातच राहिल्या. शेवटी नायकाने, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, तिला बोलावून घेतलं. हा प्रसंग तांड्यात अजून सांगतात.

"सूनबाई, तीज संपली," नायक म्हणाला.

पदराआडून उत्तर आलं, "तीज संपली जी. पोरी तं नाई ना संपल्या."

चावडीत बसलेली म्हातारी माणसं हसली, नायकही हसला, आणि हसलेल्या माणसाला मग चिडता येत नाही. ती मोकळी जागा पोरींचं मैदान झाली. मी तिथे गेले तेव्हा मला चढाई म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाप मोर्च्यांतून आणायचा, मी ती मोठ्याने वाचायची. गोमतीबाईनं ते ऐकलं होतं. ती म्हणाली, "एवढं लांब वाक्य एका दमात वाचतेस वो तू. चाल, खेळाले ये." दम हा तिच्या लेखी माणसाचा पहिला गुण. दम तुटला की तुम्ही बाद, मग तुमचे पाय कितीही चपळ असोत.

उमरखेडला एकदा स्पर्धेला गेलो होतो. बाकी संघांना बूट, रंगीत जर्सी. आमच्या पायात काही नाही आणि जर्सी कुठल्याशा पुरुष संघाच्या उतरलेल्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या. माइकवरचा इसम खुशीत येऊन म्हणाला, "आता तांड्याच्या पोरी येत आहेत, जरा नाचही होऊन जाऊ द्या!" लोक हसले. आमच्यातली एक रडायला लागली. गोमतीबाई शांतपणे मंचावर चढली, त्याच्या हातून माइक घेतला आणि म्हणाली, "नाच पहाले आले असान तं बसून राहा. आमच्या पोरी नाचत नाईत, नाचवतात." माइक परत देताना त्या इसमाला म्हणाली, "तुमाले येते का भाऊ नाच? मधल्या सुट्टीत दाखवजा." त्या दिवशी आम्ही जिंकलो असतो तर ही गोष्ट छान झाली असती. आम्ही हरलो. परतीच्या एसटीत तिने कुणाला जवळ घेऊन समजावलं नाही. "त्याच्यावर चिडून खेळल्या तुमी," ती म्हणाली, "चिडलं का दम आखूड होते." मी तिची बरीच आज्ञाधारक शिष्या होते, पण ही गोष्ट मला अजून जमलेली नाही.

आता ज्याने मला सर्वांत जास्त चीड येते ते. राज्याकडून खेळलेल्या या बाईला खेळाडू म्हणून नोकरी मिळायची होती. आज होईल, उद्या होईल, साहेब बदलले, नियम बदलले, आणि मग वयच निघून गेलं. ती जिनिंगमध्ये कामाला लागली. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होते आणि रुई हवेत उडते. इतकी बारीक की उन्हाच्या तिरिपेत धुकं उभं राहिल्यासारखी दिसते. बायका तोंडाला पदर बांधतात. पदराने काय अडतं? हंगामामागून हंगाम ती ते धुकं ओढत राहिली, आणि संध्याकाळी मैदानावर येऊन आम्हाला दम कसा राखायचा ते शिकवत राहिली. पुढे पुढे ती आवाज न करता नुसती बोटाने दाखवू लागली. मग बसून शिकवू लागली. आम्हाला वाटलं वय झालं. पन्नाशीही नव्हती हो तिची. श्रद्धांजलीच्या भाषणांत हे कुणी बोललं नाही, म्हणून इथे लिहिते: जिच्या छातीतल्या दमावर जिल्ह्याने टाळ्या वाजवल्या, तिच्या छातीत याच जिल्ह्याने कापूस भरला.

शेवटची भेट तिच्या घरी. खाटेशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर, नाकात नळी. मी गेले तर म्हणाली, "पायल कोपरा सोडून राह्यली. तिले सांग." पायल म्हणजे नायकाची नात, सध्याच्या संघातली सर्वांत चांगली चढाईपटू. मी म्हटलं, बोलू नका, दम लागतो. तर डोळे मिचकावून तिने नळी बाजूला केली आणि सुरू केलं, "कबड्डी... कबड्डी..." तिसरा शब्द अर्ध्यातच राहिला. खोकून झाल्यावर हसली. "घे. झाली मी बाद." मला हसता आलं नाही.

दिवसकार्याला मंडप पडला. चित्रातले नेते प्रत्यक्ष आले, धावपटूची कबड्डीपटू तेवढी झाली होती, आणि भाषणाच्या शेवटी त्यांनी जाहीर केलं: गोमतीताईंच्या मैदानाच्या मधोमध चबुतरा, चबुतऱ्यावर पूर्णाकृती पुतळा, भोवती फरशी आणि साखळ्या. टाळ्या थांबेनात. नायक आता थकला आहे, तो उभा राहिला तर डोळ्यांतून पाणी. आमच्यात चबुतरा साधुसंतांचा होतो, मोठ्या पुरुषाचा होतो. तांड्याच्या सुनेचा चबुतरा आजवर कुणी पाहिला नव्हता. म्हाताऱ्या बायका एकमेकींना धरून रडत होत्या. ते रडणं खरं होतं. तिच्यावरच्या मायेपोटीच ही माणसं तिचं मैदान मोडायला निघाली होती.

मी उठले. "मधोमध काहून? तिथं पोरी खेळतात."

"ताई, मान मध्यभागीच असतो," नेते हसून म्हणाले.

"अन् खेळाचं?"

"बस खाली, पोरी," नायक ओरडला. "मेल्यावर बाईचा मान होऊन राह्यला तं तुले काहून खुपते? खेळ काय, बाजूले खेळा!"

बाजूला एकीकडे विहीर, दुसरीकडे नाला. हे नायकाला माझ्याहून जास्त माहीत होतं. मी पुष्कळ बोलले, पत्रकात शोभेल असं बोलले, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचं यंत्र आलं आणि बरोबर मध्यरेषेवर पायाचा खड्डा खणून गेलं.

भूमिपूजनाच्या दिवशी संध्याकाळी मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या, नारळ, हार, सगळं तयार, फक्त नेते यायचे होते. नेते वेळेवर कधी येतात? पोरी मात्र आपल्या वेळेला आल्या. त्यांना मी काही शिकवून पाठवलं नव्हतं, हे शपथेवर सांगते, कारण तांड्यात अर्ध्यांना अजून तसंच वाटतं. त्यांनी रोजच्यासारख्या टाचेनं रेघा ओढल्या. मध्यरेषा खड्ड्याच्या काठापर्यंत आणली आणि पलीकडच्या काठापासून पुढे नेली. डाव सुरू झाला. खुर्च्यांवरची मंडळी कौतुकाने बघू लागली.

पायल खड्ड्याच्या कडेनं चढाईला गेली, गडी मारला, आणि परत येताना तिचा घोटा धरला गेला. ती आडवी झाली ती थेट खड्ड्याच्या तोंडावर. छातीपासून पुढचं अंग आत लोंबतंय, मागे दोन पोरी पायांना लटकलेल्या, आणि ही अजून "कबड्डी, कबड्डी" म्हणत पुढे हात मारतेय. नायक खुर्चीतून ताडकन उठला. पोरींनी तिला ओढून वर काढलं आणि लगेच भांडण जुंपलं.

"बाद! रेषेले हात लागलाच नाई!"

"लागला! मी रेषेच्या पुढं हात नेलता!"

"कोणती रेष वो? रेष तं खड्ड्यात गेली!"

पायलच्या कपाळावर खरचटलं होतं. ती तशीच मातीने भरलेली नायकासमोर येऊन उभी राहिली. "आबाजी, तुमी समोरच होते. सांगा, मी बाद का नाई?"

नायकाने खड्ड्याकडे पाहिलं. अलीकडची रेघ पाहिली, पलीकडची पाहिली. मग ठेकेदाराच्या माणसाकडे वळून तो एवढंच म्हणाला, "बुजवा हे."

"जी, साहेब येऊन राह्यले..."

"येऊ दे. बुजव."

माणूस जागचा हलला नाही. तेव्हा ज्या म्हाताऱ्या बायका मंडपात रडल्या होत्या त्याच पुढे आल्या आणि घमेल्यांनी माती लोटू लागल्या. नेते पोचले तेव्हा खड्डा अर्धा भरला होता. गाडीची काच खाली झाली, थोडी बोलाचाली झाली, काच वर गेली. पुतळ्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. यात माझा विजय वगैरे काही नाही. जिच्यासाठी पुतळा उभा करायला हे निघाले होते, ती जिवंत असताना या मुरमाड मैदानावर पोयट्याच्या मऊ मातीची एक ट्रॉली टाका म्हणून दर वर्षी सांगत होती, आणि दर वर्षी पोरींचे गुडघे सोलून निघत होते. त्याचा जाब मी कुणाला विचारू?

परवा तांड्यात गेले होते. सकाळी मैदानावर पायल लहान पोरींना पकड शिकवत होती. बुजवलेल्या जागेची माती अजून बसलेली नाही, सगळ्या मैदानात तेवढाच तुकडा भुसभुशीत आहे. एक नवी पोर पडायला घाबरत होती. पायलने तिला दंडाला धरून त्या तुकड्यावर आणून उभं केलं आणि समोरचीला हाक दिली, "इथं पाड वो तिले. बाईच्या जागेवर लागत नाई."