वच्छलेची बुर्जी

वच्छला माझी धाकटी जाऊ. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पण सासऱ्यांचे, तात्याबांचे, डोळे गेले आणि बुद्धिबळाच्या पटावरची चाल त्यांना सांगायला कुणी उरलं नाही. मग हीच पदर सावरून सांगायची, "घोडा वजिराम्होरं." सांगता सांगता स्वतःच खेळायला शिकली. दोघांचं बोलणं तेवढंच.

लोक हसायला लागले. माझा दीर कोंडीबा, तिचा नवरा, कानाचा हलका. चौतीस साली सोलापुरात बायकांचे सामने ठरले तेव्हा म्हणाला, "जा खेळाया. पर एक डाव जरी हारलीस, तर पट चुलीत." तात्याबा ओसरीवर ऐकत होते. मला इतका राग आला, की त्या दिवशी त्याची भाकरी मी मुद्दाम करपवली.

शेवटचा डाव अक्कलकोटच्या अक्कम्माशी पडला. मी मागेच बसले होते. बघता बघता वच्छलेचं सगळं गेलं. उरला राजा आणि एक घोडा.

एकच वाट होती. देशी डावात कुणाचा राजा अगदी एकटा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. म्हणून तर अक्कम्मा त्या घोड्याला हात लावेना. वच्छला तो तोंडाशी नेऊन ठेवी, ती दुसरंच काही खेळे.

"ऱ्हाऊ दे की तुजा घोडा," ती हसून म्हणाली. आणखी दोन खेळ्यांत वच्छलेवर मात होती.

अक्कम्माचा राजा कोपऱ्यात, आपल्याच हत्ती-प्याद्यांत कोंडलेला. वच्छला कितीतरी वेळ तिकडंच बघत राहिली. मग तिनं घोडा उचलून ठेवला.

"शह."

राजाला हलायला घर नव्हतं. घोडा मारावा, नाहीतर मात घ्यावी. अक्कम्माचा चेहरा उतरला. तिनं हत्तीनं घोडा मारला. पंचबाई म्हणाल्या, "बुर्जी."

घरी कोंडीबा दारातच उभा.

"हारलीस?"

"न्हाय."

"मग जिकलीस?"

"न्हाय."

आतून तात्याबांनी विचारलं, "शेवटाला काय दिलंस, पोरी?"

"घोडा, मामंजी. शह देऊन."

"मांड की," म्हातारा हात पुढं करून म्हणाला, "मला दाव."