पहिल्या पाण्याचा व्हिडिओ

घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर सकाळी नळ आला की आधी गढूळ पाणी येतं. ते कुणी पीत नाही आणि फेकूनही देत नाही. जुन्या पातेल्यात धरायचं, त्यानं ओटा-पायऱ्या धुवायच्या. धार निवळली की मग प्यायचे हंडे लावायचे. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

खालच्या टॉवरमध्ये नव्यानं राहायला आलेल्या मुलाला माहीत नव्हतं. तो आमच्या शेजारच्या मावशींकडून जेवणाचा डबा घ्यायचा. एकदा डबा न्यायला वर आला, तर मावशी पातेल्यात तपकिरी पाणी धरताना दिसल्या. विचारायचं सोडून यानं व्हिडिओ काढला आणि टॉवरच्या ग्रुपवर टाकला: 'ह्या पाण्यात आपली भाजी शिजते.' दुपारपर्यंत तो व्हिडिओ घाटकोपरभर फिरला. मावशींचे निम्मे डबे बंद झाले. नवरा गेल्यापासून याच डब्यांवर त्यांचं घर चालतं.

माझं डोकं फिरलं. मी वस्तीच्या मंडळाची पत्रकं लिहीत लिहायला शिकलेली मुलगी. आमच्या पत्रकाखाली नाव असतं. चुकलं तर लोक दारात येऊन जाब विचारतात. इथे एकानं टाकायचं, बाकीच्यांनी ढकलायचं, आणि विचारलं की "मला पण आलंय यार". म्हणजे बाईची अब्रू घालवली कुणी? कुणीच नाही.

मी त्या मुलाचं नाव, फोटो, मजला, सगळं घालून पोस्ट लिहिली आणि मावशींना वाचून दाखवली. त्या मेथी निवडत होत्या.

"आधी तो व्हिडिओ दाखव," त्या म्हणाल्या. त्यांचा फोन साधा, बटणांचा. माझ्या फोनवर त्यांनी तो दोनदा पाहिला. "केस बघ कसे पिंजारलेत. विंचरून तरी गेले असते."

"मावशी, इथे वाट लागलीय आणि तुम्ही केस काय बघताय?"

"ओरडू नको गं. त्याचं नाव काढ त्यातून."

"का काढू? त्यानं तुमचं नाव राखलं का?"

"नाही ना राखलं. कसं लागतं ते मला कळतंय. त्याची आई गावाला असते. तिच्या फोनवर पण जाईल हे."

मी नाव काढलं. दात-ओठ खातच काढलं.

मावशींनी मलाच त्याच्याकडे निरोप घेऊन पाठवलं: उद्या नळाच्या वेळेला ये. तो आला, मान खाली घालून. मावशींनी त्याच्या हातात पातेलं दिलं. गढूळ धार त्यानंच धरली, पायऱ्याही त्याच्याकडूनच धुवून घेतल्या. मग मी न सांगता त्यानं व्हिडिओ काढायला फोन माझ्याकडे दिला, नळापाशी मावशींच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "आधीचा व्हिडिओ मी टाकला होता. न विचारता टाकला."

हा दुसरा व्हिडिओ त्यानंच ग्रुपवर टाकला. काही डबे परत सुरू झाले, सगळे नाही. जुना व्हिडिओ अजून कुठून कुठून उगवतो. परवा मुलुंडच्या कुणाच्या तरी ग्रुपवर निघाला. मी दर वेळी त्याच्याखाली दुसरा टाकते, स्वतःचं नाव घालून, आणि मावशींना सांगून येते.

"कुठला टाकलास?" त्या विचारतात.

"दुसरा."

"हां. त्यात केस बरे आहेत."