पाक्कुंगचा कौल

फांग लान-मोइला भूकंपाने दोन गोष्टी दिल्या: वैधव्य आणि नोकरी. पहिली लगेच, दुसरी वीस वर्षांनी.

त्या भूकंपाची गावाखालची भेग दाखवायला आणि हक्का या तिच्या चिनी समाजाची संस्कृती शिकवायला गावात एक केंद्र निघालं, तेव्हा संचालक चुंगने तिच्या अंगावर फुलाफुलांचा झगा चढवला, हातात दांडका दिला आणि पाहुण्यांसमोर चहा कुटायला बसवलं. असला कुटलेला चहा तिच्या सात पिढ्यांत कुणी प्यायलं नव्हतं. तिला तो केंद्रातल्याच पोरीने शिकवला.

"आपली परंपरा आहे, आजी."

"असेल बाई," लान-मोइ म्हणाली आणि कुटू लागली.

पण चुंगची नजर पाक्कुंगकडे वळली, तसा तिच्या हातातला दांडका थांबला. पाक्कुंग म्हणजे कापराच्या झाडाखाली बसलेला गावच्या मातीचा देव. नवरा गेल्यापासून रोज उदबत्ती लावून ती मनातलं त्यालाच सांगायची. चुंगला तो केंद्राच्या आत हवा होता, तिकीटखिडकीशेजारी.

"म्हणजे देवाला भेटायला मी तिकीट काढू?"

"तुम्हाला सवलत देऊ ना, आजी!"

मेल्याची जीभ कशी झडत नाही!

पण देव हलवायचा तर कौल लागतो. लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. तोही लागोपाठ तीनदा हवा. चुंगने झाडाखाली टाकल्या, दोन्ही पालथ्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा पालथ्या. देव काही बधेना.

"इथली जमीनच उंचसखल आहे," चुंग म्हणाला आणि सगळ्यांना आत घेऊन गेला. पाहुण्यांना भूकंपाची गंमत दाखवणारी हलती फरशी होती, तिच्यावर त्याने कौल लावला. चंद्रकोरी थयथय नाचायच्या. मनासारख्या पडल्या की हा बटण बंद करायचा. झाले तीन होकार! टाळ्या पडल्या, देव आत गेला. लान-मोइ रिकाम्या चौथऱ्यापाशी बसून घळाघळा रडली.

पुढे एका दुपारी जमीन खरीच हादरली. 'घाबरू नका, टेबलाखाली बसा' असं रोज शिकवणारा चुंग सगळ्यांच्या आधी पळाला, तो थेट कापराच्या झाडाखाली. रिकाम्या चौथऱ्यापुढे त्याचे हात आपोआप जोडले गेले.

लान-मोइ मात्र आतच राहिली. धक्के थांबल्यावर ती बाहेर आली, पाक्कुंगला कडेवर घेऊन.

"अहो आजी! कौल न लावताच देव हलवलात?"

तिने देवाला चौथऱ्यावर बसवलं, झग्याच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं.

"लावला की. तीनदा होकार आला. हलत्या जमिनीवर कसा लावायचा, ते तुम्हीच तर शिकवलंत."