शकूताईंचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडते आणि दुसरंच बोलते — हल्ली माणसं टिकत नाहीत, मुलींना शिकवावं आणि त्यांनी निघून जावं, टीम म्हणून काही उरलंच नाही. लातुरात कुठल्याही डॉक्टरणीला विचारा, हेच ऐकवेल. मीही ऐकवते, तावातावानं. गेल्या तीन वर्षांत माझ्या दाताच्या दवाखान्यात पाच सहायिका आल्या आणि गेल्या. दर वेळी माझा संताप होतो. पण संताप नेमका कुणाचा? त्या मुलींचा? — थांबा, क्रमानं सांगते. नाहीतर पुन्हा भलतीकडेच जाईन.

शकूताई माझ्याकडे अकरा वर्षं होत्या. औशाजवळच्या गावातून रोज बसनं यायच्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. बारावी झालेल्या, नवरा नाही, एक मुलगी. काम सगळं मीच शिकवलं — हत्यारं उकळणं, दातात भरायचा मसाला कालवणं, मी दाढ कोरत असताना पेशंटच्या तोंडातली थुंकी नळीनं ओढून घेणं. 'मीच शिकवलं' — बघा, हे अजून सुटत नाही माझं. पण त्या डावा हात पेशंटच्या खांद्यावर ठेवायच्या, ते कुणी शिकवलं होतं? मी नाही. तो हात खांद्यावर आला की मोठमोठे मिशाळ पुरुषसुद्धा खुर्चीत सैल व्हायचे.

पेशंट फोन करायचे तेव्हा रिसेप्शनवरच्या फरीदाला काय विचारायचे, माहीत आहे? मॅडम आहेत का, असं नाही. "त्या ताई हायत का? नसतील तर उद्या येते." फरीदा हसून मला सांगायची. मीही हसायचे. पाच वर्षं शिकले मी, त्यावर तीन वर्षं आणखी — आणि लोकांना हव्या होत्या ताई.

तरी हे मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं का? कोण जाणे.

एके दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापक आले, अक्कलदाढ काढायला. बाहेर गर्दी. मी बधिरतेचं इंजेक्शन दिलं, थोडी थांबले, चिमटा हातात घेतला. शकूताई समोरून हळूच म्हणाल्या, "मॅडम, जरा थांबा. अजून बधिर झालं न्हाई. सर पाय आखडून राहिलेत."

मी हिरडीला टोचून पाहिलं. सर कळवळले. शकूताईंचं बरोबर होतं. मी दुसरं इंजेक्शन दिलं, थांबले, दाढ सुखरूप निघाली. जाताना सरांनी हात जोडले — शकूताईंना. मला म्हणाले, "डॉक्टर, ही बाई जपा हं."

तुम्हाला वाटेल, यात राग येण्यासारखं काय आहे? मलाही तेच वाटलं पाहिजे होतं. पण मी आतून जळत होते. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच खुर्चीपाशी, मला थांबवलं गेलं होतं.

त्याच सुमारास मी पुण्याला दोन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आले होते. विषय — दवाखान्यातली टीम कशी सांभाळावी, तिच्यात उत्साह कसा भरावा. तिथून एक कल्पना आणली होती. रिसेप्शनवर एक पेटी ठेवायची, पेशंटनी नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायच्या, सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर वाचायच्या. कौतुक आलं तर टाळ्या, तक्रार आली तर सुधारणा. मी सांगितलं, फरीदानं कागद कापून ठेवले. आणि चिठ्ठ्या कसल्या यायच्या? ताई फार मायाळू. ताईंमुळे भीती गेली. दर सोमवारी टाळ्या, आणि त्या ओढणीनं तोंड लपवायच्या. एका चिठ्ठीत माझ्याबद्दल होतं — डॉक्टर हुशार आहेत, पण घाईत असतात.

आता आलं ते.

दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असतो. फरीदा घरी गेली होती. शकूताई मागच्या खोलीत डबा खात होत्या, भांड्याचा आवाज येत होता. मी त्या कापलेल्या कागदांतला एक घेतला आणि डाव्या हातानं लिहिलं — 'तुमच्या सहायक बाईंचा हात फार जड आहे. नळी जोरात दाबतात. माझ्या आईचा जबडा दोन दिवस दुखत होता. मध्ये मध्ये बोलतात, त्यानं डॉक्टरांचं लक्ष विचलित होतं.' घडी घातली. पेटीत टाकली.

एवढंच. दोन मिनिटंही लागली नाहीत.

सोमवारी ती मी वाचली नाही. फरीदाला वाचायला लावली. ती मध्येच अडखळली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वाच ना." तिनं वाचलं. शकूताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं — उलटसुलट करून, जणू कुणा दुसऱ्याचे हात आहेत. मग म्हणाल्या, "कोण असंल हो मॅडम? मला त्यांच्या आईची माफी मागायचीय."

आणि मी काय म्हणाले असेन? "नाव शोधायचं नसतं, शकूताई. मनावर घेऊ नका. फक्त सुधारणा करा." शिबिरात शिकवलेल्या शांत, समजूतदार आवाजात म्हणाले.

त्यानंतर त्या येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड न्याहाळायच्या. हिची आई असेल का? म्हाताऱ्या पेशंटना विचारायच्या, "दुखलं न्हाई ना?" खांद्यावर हात ठेवणं बंद झालं. नळी इतकी अलगद धरायच्या की पेशंटच्या तोंडात थुंकी साचायची, मला दिसायचं नाही, आणि मी खेकसायचे. मला जे हवं होतं ते मिळालं होतं — ताई गप्प झाल्या होत्या. मग माझी चिडचिड का वाढत होती?

दोनेक महिन्यांनी निलंग्याहून एक मुलगी आली, कॉलेजात शिकणारी. दाढ काढायची होती. बाहेर गर्दी होती, मी घाईत होते. बधिर झालं नव्हतं. मी चिमटा लावला, ती किंचाळून उसळली, हत्यार सटकलं आणि गाल आतून फाटला. चार टाके घातले. तिची आई दारात उभी राहून रडत होती.

मुलगी गेल्यावर मी शकूताईंवर ओरडले. "तुम्ही समोर होतात. दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं, मॅडम," त्या म्हणाल्या. "तिचे पाय आखडलेले दिसले. पण म्हणलं, आपल्या बोलन्यानं तुमचं लक्ष जातं. लेकराला आनखी काही व्हायचं."

तेव्हा तरी सांगायचं ना? त्या क्षणी? मी हातमोजे काढले, हात धुतले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

महिनाभरात त्या काम सोडून गेल्या. मुलीला नांदेडला प्रवेश मिळाला, तिच्याजवळ राहते म्हणाल्या. मी शाल दिली, फोटो काढला. पाठोपाठ फरीदाही गेली. कारण सांगितलं नाही, जाताना पेटीकडे बघून गेली. तिला कळलं होतं का? मी विचारलं नाही. नवीन मुली आल्या. त्यांना सोमवार नको असायचा. एकमेकींकडे संशयानं पाहायच्या, माझ्यासमोर मूग गिळून बसायच्या, आणि सहा महिन्यांत दुसरीकडे जायच्या. मी मैत्रिणींना सांगत राहिले — माणसं टिकत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मला नांदेडला बोलावलं होतं. विष्णुपुरीकडच्या एका हॉलमध्ये तरुण दंतवैद्यांसमोर भाषण. विषय — टीम कशी घडवावी. हो, मला. आणि मी गेले. चिठ्ठ्यांच्या पेटीबद्दल बोलले. म्हणाले, "माझ्या एका सहायिकेबद्दल तक्रार आली होती. तिनं ती मोकळेपणानं स्वीकारली, स्वतःला बदललं. टीम अशी घडते." मुलं वहीत लिहून घेत होती.

जेवणाच्या वेळी कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, वळखलं का?"

शकूताई होत्या. केस पिकलेले, हातात भाकरीची टोपली. शिकणाऱ्या पोरींसाठी मेस चालवतात म्हणाल्या, आजचं जेवण त्यांच्याकडचंच. मी विचारलं, इथल्या एखाद्या दवाखान्यात काम का नाही पाहिलं?

"दोन जागी बोलावलं हुतं. मीच गेले न्हाई," त्या म्हणाल्या. "हात जड हाय माझा. कुनाला इजा नको. भाकरीला चालतो."

मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मगाशी दारात उभी राहून ऐकत हुते. नाव न्हाई घेतलं तुमी, पर मला कळलं, माझंच सांगून राहिल्यात. लई बरं वाटलं. पोरीला फोन करून सांगितलं — मॅडमनी एवढ्या डॉक्टर लोकात माझं चांगलं सांगितलं म्हनून."

भोवती पंधरा-वीस जण ताटं घेऊन उभे होते. शकूताईंना बाजूला नेता आलं असतं. मागे मोकळा व्हरांडा होता, मला दिसत होता.

"भाकरी छान झालीय," मी म्हणाले.

त्यांनी आणखी एक वाढली.